शकुंतलेचा जोडविषय

पडदा कुठल्या रंगाचा लावावा हे शिकायला माणसानं पुण्यापर्यंत जावं, यासारखी खुळेपणाची गोष्ट जगात दुसरी नसेल, असं शकुंतलेचं ठाम मत होतं. आणि ती स्वतः पुण्यात राहून तेच शिकत होती.

तसा तिचा मुख्य विषय गणित. त्यासाठीच ती कॅसलरॉकसारख्या जंगलातल्या स्टेशनावरून गाडीत बसून एवढ्या लांब गेली होती. पण बायकांच्या त्या कॉलेजात एक नियम होता. मुख्य विषय काहीही घ्या, जोडीला बाईच्या जातीला शोभेल असा एक विषय घ्यायलाच हवा. असे विषय दोनच होते, गायन आणि गृहरचना. गायनाच्या बाईंनी शकुंतलेला 'सा' लावायला सांगितला आणि ती तोंड उघडते न उघडते तोच हात वर करून थांबवलं. राहिली गृहरचना.

गृहरचनेच्या वर्गाला लागून एक नमुन्याची खोली होती. तीत खुर्च्या होत्या, पण बसायला मनाई होती. फुलदाणी होती, तिच्यात कागदी फुलं होती. कोपऱ्यातल्या कपाटात पुस्तकं होती आणि ती त्यांच्या पाठींच्या रंगाप्रमाणे लावलेली होती. एकदा शकुंतलेनं त्यातलं एक उघडलं, तर ते गुरांच्या रोगांवरचं निघालं.

इंदुबाई हा विषय शिकवायच्या. त्या काही महिने विलायतेत राहून आल्या होत्या आणि हे विसरायची सोय त्यांनी कुणालाच ठेवली नव्हती.

"खोलीनं पाहुण्याशी बोललं पाहिजे, मुलींनो," त्या म्हणायच्या.

खोली बोलायला लागली तर पहिल्यांदा तुम्हालाच गप्प बसवील, असं शकुंतला मागच्या बाकावर मनातल्या मनात म्हणायची.

वर्गातल्या बाकीच्या मुली वकिलांच्या, डॉक्टरांच्या लेकी. समई डावीकडे ठेवावी की उजवीकडे यावर त्या अशा पोटतिडकीनं वाद घालायच्या, की जणू त्यावर राज्य चाललंय. त्यातल्या एकीनं शकुंतलेला विचारलं होतं, "कॅसलरॉक म्हणजे विलायतेतच का गं?"

"व्हय, बोटीनं जावं लागतं," शकुंतला म्हणाली. त्या मुलीनं ते खरं मानलं आणि पुढे कितीतरी दिवस ती शकुंतलेशी जरा अदबीनं वागत होती. तेव्हापासून शकुंतलेनं त्या सगळ्या वर्गाची किंमत मनात ठरवून टाकली.

दुःख एवढंच, की या विषयात तिला गती होती. भूमिती डोक्यात मुरलेली, त्यामुळे खोलीचा आराखडा हातात आला की उजेड कुठून येईल, माणूस कुठून आत शिरेल आणि कुठं अडखळेल, हे तिला न सांगता दिसायचं. इंदुबाई तिचा कागद वर धरून साऱ्या वर्गाला दाखवायच्या. "बघा. हिला डोळा आहे." शकुंतलेला तो अपमान वाटायचा. गणिताच्या सरांनी तिच्या वहीकडे कधी दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं, आणि कौतुक व्हायचं ते पडद्यांबद्दल.

नाताळच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा तिच्या आधी तिची कीर्ती येऊन पोचली होती. तिचा बाप मारुती खानापूरकडून येऊन कॅसलरॉकला स्थायिक झालेला. स्टेशनापलीकडे त्याचं दुकान. रेल्वेचे गँगवाले, जकातीचे शिपाई, लाकूडतोडीला आलेले लोक, सगळे मीठ, तंबाखू, रॉकेल न्यायला तिथंच यायचे. लेक कॉलेजात शिकते हे मारुती आल्यागेल्याला सांगायचा. पण गणित म्हटलं की ऐकणारा गप्प व्हायचा. एवढं गणित शिकून पोरीला करायचंय काय, असं त्याच्या तोंडावर दिसायचं. म्हणून मारुतीनं गणित सोडून दिलं आणि जोडविषय धरला.

"आमची शकू घरं सजवायची विद्या शिकतीया. साहेब लोकांच्या बंगल्यात असतं बघा, तसं."

हे बोलणं लक्ष्मणराव कंत्राटदाराच्या कानावर गेलं. गुंद आणि दिग्गीकडच्या जंगलातलं लाकूड गाड्यांवर घालून कॅसलरॉकला आणायचं आणि तिथून रेल्वेनं पाठवायचं, हा लक्ष्मणरावांचा धंदा. स्टेशनाच्या वरच्या अंगाला त्यांनी नवा बंगला बांधला होता. जंगलखात्याचा मोठा साहेब त्याच आठवड्यात दौऱ्यावर येणार होता, बरोबर मडमही होती, आणि दोघं लक्ष्मणरावांकडे चहाला यायला कबूल झाली होती. शिवाय लक्ष्मणरावांचा धाकटा मुलगा यशवंत लग्नाचा होता. एका दगडात दोन्ही कामं होतील असा हिशेब करून ते यशवंताला बरोबर घेऊन स्वतः मारुतीच्या दुकानाची पायरी चढले.

"मारुती, तुझ्या लेकीला चार दिवस बंगल्यावर पाठव. दिवाणखाना नीट करून दे म्हणावं. आणि मग पुढचंबी बोलू." पुढचंबी म्हणजे काय, हे त्यांनी यशवंताकडे मान वळवून दाखवून दिलं.

मारुतीला आभाळ ठेंगणं झालं.

"मी न्हाई जाणार," शकुंतला घरात म्हणाली. "मी काय गवंडी हाय?"

"अगं, दोन वर्सं शिकलीस न्हवं? मग करून दाखव की." मारुतीचा आवाज कधी नव्हे तो चढला. "गणितानं कुणाच्या घरचा उंबरा ओलांडायला मिळाला का तुला? ह्यानं मिळतोय."

बापानं कॉलेजासाठी भावकीची किती बोलणी खाल्ली होती, ते तिला माहीत होतं. ती गेली. सोबतीला आई पार्वती होतीच. आई कमी बोलायची आणि बसल्या जागेवरून सगळं बघायची.

बंगल्याचा दिवाणखाना बघून शकुंतलेला हसावं की निघून जावं कळेना. समोरच्या भिंतीवर गव्याचं भलंथोरलं मुंडकं. पावसाळ्यातल्या बुरशीनं त्याच्या एका कानाचे केस झडलेले. त्याच्या दोन्ही बाजूंना सांबराची शिंगं, त्यांवर टोप्या अडकवलेल्या. बंद पडलेली तीन घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. देवांच्या तसबिरी, राजाराणीच्या तसबिरी, चहाच्या कंपनीच्या जाहिराती, सगळं एकाच ओळीत. मधोमध शिसवी मेज, एवढं अवजड की त्याला वळसा घालून जाताना माणूस भिंतीला घासायचा. आणि दरीकडच्या खिडकीसमोर कपाट उभं करून खिडकीच बुजवून टाकलेली.

"कसं वाटतंय?" लक्ष्मणरावांनी छाती पुढे काढून विचारलं.

"सामान भरपूर हाय," शकुंतला म्हणाली.

त्यांना ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. बंगल्यावर झाडलोटीला रुक्मा होती. दिग्गीकडची कुणबीण, नवऱ्याबरोबर लाकूडतोडीच्या हंगामात इकडं आलेली. आणि दोन हमाल. शकुंतला उंबऱ्यात उभी राहून बोट दाखवायची आणि सामान बाहेर जायचं. पहिल्यांदा जाहिराती गेल्या, मग घड्याळं गेली, मग दोरखंड लावून गव्याचं मुंडकं उतरवलं. रुक्मानं त्याच्या नाकावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "जित्ता असता तर एवढ्यात पळाला असता गो."

यशवंत सगळा वेळ तिथंच घुटमळत होता. दिसायला बरा, अंगात मुंबईच्या कापडाचा कोट, केसांना तेल. तो हसायचा फार. त्याला नक्की काय वाटतं हे बघावं म्हणून शकुंतलेनं विचारलं, "खिडक्यांना तांबडं कापड लावावं म्हणते."

"तांबडं? वा! तांबडं फारच शोभेल."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "न्हाई, तांबडं भडक होईल. हिरवं बरं."

"बरोबर. हिरव्यासारखं काहीच नाही."

संध्याकाळी ती म्हणाली, "कापडच नको लावायला."

"मी तेच म्हणणार होतो," यशवंत म्हणाला.

पार्वती कोपऱ्यात सुपारी कातरत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण अडकित्ता मध्येच थांबला.

शकुंतलेच्या मनात त्या माणसाची जी काय थोडी जागा होती, ती त्या दिवशी रिकामी झाली. वर्गातल्या कागदी फुलांत आणि ह्याच्यात फरक एवढाच, की फुलं मान डोलवत नव्हती.

तिसऱ्या दिवशी हमालांनी खिडकीसमोरचं कपाट बाजूला सारलं. खिडकीची दारं कितीतरी दिवसांत उघडली नव्हती. रुक्मानं खांद्यानं धक्का दिला तेव्हा ती उघडली. आणि एकदम सगळी दरी आत आली. खाली धुक्यातून वर आलेले डोंगरांचे माथे, गोव्याकडं उतरणारा लोहमार्ग, लांब कुठंतरी इंजिनाचा धूर. सकाळचं कोवळं ऊन जमिनीवरून सरकत थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. शकुंतलेनं धावत जाऊन भिंतीकडचा बाक ओढला आणि तो खिडकीला तिरका लावला, असा की बसणाऱ्याच्या एका खांद्यावर ऊन पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही. ती दोन पावलं मागं सरली. बाक बरोबर जिथं असायला हवा तिथंच होता. तिला छातीत काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटलं. अवघड उदाहरण सुटल्यावर वाटायचं तसंच.

मग तिला स्वतःचाच राग आला. बाक हलवून माणसाला एवढा आनंद व्हावा? इंदुबाई झाली की काय आपली? तिनं कपाळाला आठी घातली आणि रुक्माला उगाचच दोन शब्द बोलली.

चहाच्या दिवशी बायकांना आतल्या खोलीत बसवलं होतं. मधल्या दाराला बांबूच्या काड्यांचा चिक होता, त्यातून सगळं दिसायचं. साहेब आत आला, टोपी कुठं ठेवावी म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं, तर दाराशीच ठेवलेलं लहानसं मेज त्याला आपोआप सापडलं. मडम सरळ खिडकीपाशी गेली आणि त्या तिरक्या बाकावर बसली. बसली ती बसलीच. नुसती बाहेर बघत राहिली. मग तिनं वळून विचारलं, ही खोली कुणी लावली?

ती इंग्रजीत बोलत होती, पण शकुंतलेला कॉलेजानं एवढं तरी शिकवलं होतं. तिनं नकळत पदर सारखा केला.

लक्ष्मणरावांनी घसा खाकरला. त्यांचं इंग्रजी तोडकं होतं, तरी त्यांना काय म्हणायचंय ते स्वच्छ कळलं. मुंबईहून माणूस आणवला होता, फार नावाजलेला, राजेरजवाड्यांकडे काम करणारा. स्टेशनापलीकडच्या मीठतंबाखूवाल्याच्या पोरीनं दिवाणखाना लावला, हे साहेबासमोर सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

मडमनं यशवंताकडे बघितलं. यशवंत हसला. मान डोलावली. "येस, येस. फ्रॉम बॉम्बे," तो म्हणाला. "व्हेरी बिग मॅन."

चिकामागं शकुंतलेच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आणि त्याच वेळी ती चकितही झाली. ज्या विद्येवर आपण थुंकायला तयार होतो, तिचं श्रेय गेलं म्हणून आपल्या अंगाचा असा भडका का व्हावा? बाहेर कपबशा वाजत होत्या. चहा संपवून उठताना मडमनं त्या बाकाच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा शकुंतला जास्तच पेटली.

"चल घरी," पार्वती एवढंच म्हणाली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण लेकीचं तोंड वाचता येत होतं.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मणराव साहेबाबरोबर जंगलात गेले. रात्री साहेब आणि मडमला पुन्हा जेवायला घेऊनच ते परतणार, असं ठरलं होतं. आपली मोजपट्टी आणि कापडाचे नमुने राहिलेत असं सांगून शकुंतला आईला घेऊन बंगल्यावर गेली. यशवंत पुढं आला.

"मडम फार खूश झाल्या," तो म्हणाला.

"मी रात्रभर विचार केला," शकुंतला शांतपणे म्हणाली. "आधी होतं तेच बरं होतं. सगळं परत होतं तसं लावायचं."

यशवंताच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. शकुंतलेला क्षणभर वाटलं, हा नको म्हणेल. हा आता तरी म्हणेल, की अहो, काल ती बाई त्या खिडकीतून हलायला तयार नव्हती, कशाला मोडता? तसं तो म्हणाला असता, तर पुढचं सगळं कदाचित निराळं झालं असतं.

"खरं सांगू?" यशवंत म्हणाला. "मलाही तसंच वाटत होतं."

मग त्यानं कोट काढला आणि स्वतःच शिडी आणली. कपाट खिडकीसमोर गेलं. दरी गेली, ऊन गेलं. जाहिराती आल्या, देव आले, राजाराणी आले, घड्याळं आली. शेवटी गव्याचं मुंडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून यशवंत शिडी चढला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, कोळिष्टकं तेलकट केसांना चिकटली होती.

"जरा डावीकडं," शकुंतला खालून म्हणाली. "उजवीकडं. पुन्हा डावीकडं."

तो तसा तसा हलत राहिला.

"परवा खाली, आज वर," रुक्मा कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "तुला याड लागलंय काय गो?"

"मला न्हाई," शकुंतला म्हणाली.

त्या रात्रीच्या जेवणाचं काय झालं, हे दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅसलरॉकला कळलं. मडम आत आली, खिडकीकडे गेली आणि कपाटावर आपटता आपटता थांबली. तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच घरात आलो. साहेब गव्याकडे बघून इतका हसला, की लक्ष्मणरावांनाही न समजता हसावं लागलं.

दुकान उघडायच्या वेळेलाच लक्ष्मणराव येऊन उभे राहिले. डोळे लाल, पागोटं कसंतरी बांधलेलं.

"मारुती! तुझ्या पोरीनं माझी अब्रू घालवली. माझा दिवाणखाना नासवून टाकला! आत्ताच्या आत्ता येऊन पुन्हा लावून द्यायला सांग तिला!"

मारुतीला काहीच माहीत नव्हतं. तो तराजू हातात धरून तसाच राहिला. दुकानात तंबाखूला आलेले गँगवाले कान टवकारून उभे होते.

शकुंतला आतून बाहेर आली.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "मुंबईचा माणूस बोलवा की. ज्यानं पहिल्यांदा लावला, तोच परत लावून देईल. फार नावाजलेला हाय म्हणे, राजेरजवाड्यांकडचा."

पोरीला इंग्रजी कळतं, हे लक्ष्मणरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. लक्ष्मणराव वळले आणि चढ चढू लागले.

घरात मारुतीनं डोक्याला हात लावला. "चांगलं स्थळ हातचं घालवलंस. काय वाईट हुतं गं त्या पोरात?"

"वाईट काहीच न्हाई अप्पा. चांगलंबी काही न्हाई. काहीच न्हाई त्याच्यात."

"पैसाअडका हाय, घरदार हाय..."

"अहो, मी बघितलंय," चुलीपुढून पार्वती म्हणाली. ती इतकी क्वचित मध्ये बोलायची की दोघंही वळले. "मुंडकं उतरव म्हटलं, उतरवलं. चढव म्हटलं, चढवलं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात तुम्ही माझ्याशी मिठाच्या डब्यावरनं भांडला हुता. मला बरं वाटलं हुतं. म्हटलं, माणूस हाय घरात."

मारुती दुकानात जाऊन बसला. त्या दिवशी मात्र एक गंमत झाली. गिऱ्हाईक नेहमीपेक्षा जास्त आलं, आणि जो तो मुंबईच्या माणसाची चौकशी करून गेला. संध्याकाळपर्यंत मारुतीही चोरून हसायला लागला होता.

शकुंतला पुण्याला परतली आणि यथावकाश पास झाली. गणितात जेमतेम, जोडविषयात पहिली. बेळगावला मुलींच्या एका शाळेत तिनं गणिताच्या जागेसाठी विचारलं, तर गणिताला एक गृहस्थ आधीपासून होते. तुमचा जोडविषय काय, असं मुख्याध्यापिकेनं विचारलं आणि शकुंतलेनं कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला. तिला चित्रकला आणि गृहरचना मिळाली. आयुष्यभर तीच मिळाली. गणिताचे गृहस्थ पुढं निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी दुसरे गृहस्थ आले.

ती चांगली शिकवायची, असं तिच्या मुली म्हणत, पण त्या तिला टरकूनही असत. नव्या वर्गाला ती पहिल्याच दिवशी सांगायची, "हा विषय तुम्हाला गप्प बसवण्यासाठी काढलेला आहे. आता आलाच आहे वाट्याला, तर नीट करा. वेडंवाकडं मला चालणार नाही." कागदी फुलं कुणी आणली तर ती खिडकीतून बाहेर जायची. पडद्याचा रंग विचारला तर ती आधी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारायची, मग सूर्य कुठल्या महिन्यात कुठून येतो ते विचारायची, आणि विचारणारीला रडू येईपर्यंत सोडायची नाही. शिक्षकांच्या खोलीत संमेलनाच्या सजावटीवर चर्चा निघाली की ती तोंड वाकडं करून उठून जायची आणि तिच्या पाठीमागं सगळे म्हणायचे, आगाऊ आहे.

मारुती म्हातारपणी एकदा तिच्याकडे राहायला आला होता. दुपारी कंटाळून तो शाळेत गेला आणि तिच्या वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसला. शकुंतला फळ्यावर एका अरुंद खोलीचा आराखडा काढत होती. तीत पाच माणसं राहतात, म्हणाली, आणि एक आजारी आहे. खाट कुठं टाकाल सांगा. मुली एकेक जागा सांगत होत्या आणि ती प्रत्येकीचं उत्तर खोडून काढत होती. इथं धूर येईल. इथं दार आपटेल. इथं त्याला दिवसभर भिंतच दिसेल, त्याला काय मारायचंय तुम्हाला? तिचा आवाज चढला होता, हाताला खडू लागला होता, घंटा झाली तरी ती थांबली नव्हती.

परत येताना मारुती काठी टेकत चालला होता.

"पोरींस्नी तू शिकवत हुतीस का शिव्या घालत हुतीस?" त्यानं विचारलं.

"दोन्ही."

"आवडतंय तुला हे."

"अजिबात न्हाई," शकुंतला म्हणाली. "पडदे आणि खाटा! ह्यात आवडण्यासारखं काय हाय?"

मारुती हसला. रस्त्यात एका नव्या घराचं काम चाललं होतं. चौकटी बसवल्या होत्या, भिंती अजून छातीएवढ्याच होत्या. शकुंतला चालता चालता थांबली. तिनं एकदा उन्हाकडं बघितलं, एकदा त्या चौकटीकडं.

"खिडकी चुकीच्या भिंतीला घेतलीय गाढवांनी," ती म्हणाली, आणि बापाला रस्त्यावर तसंच उभं करून गवंड्यांना सांगायला आत शिरली.